मूठभर कोंडा

अण्णांना जाऊन एकोणीस दिवस झाले तरी ट्रॅक्टर शेडमध्ये होता तसाच उभा होता. शेजाऱ्यांनी त्याला डांबरी रस्त्यापासून दोरखंडानं ओढत आणलं, शेडमध्ये ढकललं आणि ते खाली मान घालून निघून गेले. मागच्या चाकांवरचा चिखल वाळला, त्याच्या खपल्या पडायला लागल्या. कुणी झाडू फिरवला नाही.

अण्णा त्याला जावई म्हणत. भरपूर पितो, पटकन तापतो आणि त्याला वेडंवाकडं बोलायची सोय नाही, म्हणून जावई. ताईचा नवरा बावीस वर्षं या विनोदावर सभ्यपणे हसत आला होता. या रविवारी मात्र तो आलाच नाही, आणि ताईलाही त्याला आग्रह करावासा वाटला नाही.

सगळ्यांना बोलावलं ते अण्णांच्या धाकट्या मुलाच्या बायकोनं. घरात शेवटी आलेलं माणूस ती, पण पंधरा वर्षांत या घरातल्या चुली, कोंबड्या आणि रुसवेफुगवे तिनंच सांभाळले होते. तिनं थोरल्याला फोन केला.

"भाऊजी, रविवारी या. येताना हत्यारं आणा. ट्रॅक्टरचं नेमकं काय बिघडलं, ते मला सगळ्यांच्या देखत कळायला हवं."

"आता कळून काय करायचंय?"

"तुम्हाला काही करायचं नसेल. मला करायचंय. माझ्या नवऱ्याची चूक असली तर तसं तोंडावर सांगा. नसली तर तसं सांगा. पण हा अबोला आता पुरे झाला. घरात श्वास घ्यायची चोरी झालीय."

"येतो," थोरला म्हणाला.

तिचं काही चुकत नव्हतं. त्या सकाळी अण्णांच्या छातीत कळ आली तेव्हा रात्रभर पाऊस पडून रस्त्याचा रबडा झाला होता. रुग्णवाहिका डांबरी रस्ता सोडून आत यायला तयार नव्हती. त्या चिखलातून जाईल असा एकच गडी होता, जावई. धाकट्यानं ट्रॉलीत गादी टाकली, अण्णांना निजवलं आणि ट्रॅक्टर काढला. आई आत अण्णांचे कपडे आणि दवाखान्याचे कागद गोळा करत होती. ती पिशवी घेऊन दाराशी आली तेव्हा ट्रॅक्टर फाटकाबाहेर पडला होता. "आई, तू मागून ये गं!" एवढं धाकटा ओरडला. पुढं अर्ध्या वाटेवर ओढ्यावरच्या मोरीपाशी इंजिन उकळलं, वाफेचा लोट उठला आणि ट्रॅक्टर बंद पडला. ओढ्यात फोन लागत नाही. तिथं अर्धा तास गेला. डांबरी रस्त्याला लागेपर्यंत अण्णा राहिले नव्हते. ट्रॅक्टर तिथंच सोडून, किल्ली खिशात तशीच घेऊन धाकटा रुग्णवाहिकेत चढला.

दवाखान्याच्या दारात ताई म्हणाली होती, "डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर..." ताई स्वतः नर्स. पेशंटच्या घरच्यांना अशा वेळी काय बोलायचं नसतं, ते तिला पक्कं ठाऊक. तरी त्या दिवशी तिच्या तोंडून ते निसटलं. तिनं वाक्य अर्धंच सोडलं, पण घरातल्या प्रत्येकानं ते आपापल्या परीनं पुरं केलं.

आईनं धाकट्याशी बोलणं टाकलं. भांडण नाही, आदळआपट नाही. ताट वाढायची, पण समोर ठेवायची सुनेकडून. "त्याला सांग, पाणी तापलंय." "त्याला विचार, बाहेर जाणार आहे का." तो दोन हातांवर बसलेला असायचा आणि सून मधल्यामध्ये टपालखातं झाली होती.

रविवारी दहाच्या सुमारास थोरल्यानं शेडमध्ये हत्यारांची पेटी उघडली. बसडेपोत तो मुख्य मेकॅनिक. तिथली पोरं त्याला माघारी 'पंचनामा' म्हणत, कारण बिघाड कुणामुळं झाला हे लिहिल्याशिवाय तो गाडी बाहेर सोडत नसे. ताई दाराला टेकून उभी राहिली. धाकट्याची बायको पालथ्या बादलीवर बसली, साक्षीदाराला शोभेल अशी ताठ. धाकटा ट्रॅक्टरच्या पलीकडच्या अंगाला उभा होता, दाढी वाढलेली.

"तेल?" थोरल्यानं विचारलं.

"महिन्यापूर्वी बदललं."

थोरल्यानं तेलाची पट्टी ओढून पाहिली, बोटावर तेल चोळलं, वास घेतला. "पाणी शिरलेलं नाही. म्हणजे हेड गॅस्केट शाबूत." मग पंख्याच्या पट्ट्यावर अंगठा दाबला. "पट्टाही ताणलेला आहे. नवा घातलास?"

"हो."

"कधी?"

"गेल्या पेरणीला."

"पंपही खडखडत नाहीये." थोरला पंखा हातानं पुढं-मागं हलवत होता. "सगळं जागच्या जागी आहे. चांगलं ठेवलंयस की."

धाकट्याच्या बायकोनं ताईकडं पाहिलं. ताईनं नजर चाकावरच्या चिखलाकडं वळवली.

ताईला कुठं बघावं कळत नव्हतं. चांगलं ठेवलंयस की, हे शब्द ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं. धाकटा तिच्या अंगाखांद्यावर वाढलेला. आई शेतावर असायची तेव्हा हिनंच त्याला न्हाऊ-माखू घातलेलं, आणि त्या दिवशी हिनंच त्याला सगळ्यांसमोर त्या अर्ध्या वाक्यानं उभं चिरलं होतं. त्यानंतर तिनं तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा ठेवून दिला. तिला स्वतःच्या मनातलं एक वेगळंच टोचत होतं, आणि ते तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

"आता रेडिएटर," थोरला म्हणाला आणि खाली वाकला.

त्यानं खालची तोटी उघडली. वर झाकण काढलं तर तोंडापर्यंत पाणी दिसत होतं, खाली थेंब आला नाही. त्यानं तार घालून ढोसलं. काहीच नाही. मग पाना लावून खालच्या होजपाइपची पट्टी सैल केली आणि पाइप ओढून काढला. क्षणभर थांबून तपकिरी लगद्याचा एक गोळा त्याच्या तळहातावर पडला, आणि त्याच्यामागून पाणी बदाबदा वाहायला लागलं.

थोरल्यानं मूठ मिटली.

तो वाकलेलाच राहिला. त्या लगद्याची त्याला ओळख पटायला एक श्वाससुद्धा लागला नाही. उन्हाळ्यात तो सुट्टीवर आला होता तेव्हा निघायच्या दिवशी अण्णा त्याला शेडमध्ये घेऊन आले होते. म्हणाले, "रेडिएटर जरासा ठिबकतोय रे. मूठभर गव्हाचा कोंडा टाकला की भोक बुजतं. झाकण तेवढं काढून दे." थोरल्यानं तिथल्या तिथं सांगितलं होतं, हा खुळेपणा आहे, रेडिएटर उतरवू, झाळून आणू. अण्णा हसले होते. "तू डेपोचा साहेब. इथला साहेब मी. आणि धाकट्याला बोलू नकोस, तो उगीच हबकतो." त्यानं मग झाकण काढलं, कोंडा टाकला. डेपोत एखाद्या पोरानं असलं काही केलं असतं तर त्यानं त्याला दारात उभं केलं नसतं. इथं मात्र बापाचं मन मोडवेना म्हणून स्वतःच्या हातानं टाकला.

आत्ता उठून 'पंपाचं बेअरिंग गेलंय' म्हटलं की विषय मिटत होता. लोखंड झिजतं, कुणाचा दोष नाही. धाकटा सुटला असता, तोही सुटला असता. मेकॅनिक इथं तो एकटाच होता. कुणी शंका घेतली नसती.

"काय निघालं?" धाकट्याच्या बायकोनं विचारलं.

"गाळ," थोरला म्हणाला. "पण मला वाटतं पंपाचं—"

त्याच्या बोटांच्या फटीतून थोडा लगदा ओघळून फरशीवर पडला. ताई पुढं झाली होती. तिनं तो पाहिला आणि तिच्या तोंडून गेलं, "कोंडा."

धाकट्याच्या बायकोनं वाकून तो लगदा बोटावर घेतला.

"ताई," धाकट्याची बायको सावकाश म्हणाली, "मला हा गंज वाटला. भाऊजींना गाळ वाटला. तुम्हाला बरा कोंडा वाटला?"

ताई खाली बसली. शेडच्या उंबऱ्यावर, साडी ओल्यात भिजतेय याचंही भान न ठेवता.

"मी टाकलाय," ती म्हणाली. "दोनदा. मार्चमध्ये एकदा, आणि परत मागच्या महिन्यात आले होते तेव्हा. अण्णा म्हणाले, दोघांना सांगू नकोस, दोघं हमरीतुमरीवर येतील. झाकण त्यांना फिरवता येत नव्हतं गं. बोटांत जोरच नव्हता. हात कापत होता. मी रोज पेशंटचे हात बघते, मला कळायला नको? मी म्हटलं, अण्णा, तपासून घेऊ. तर म्हणाले, आधी जावयाला तपास, मग सासऱ्याला." तिला हसू आलं आणि त्याच्यातच रडू फुटलं. "मी हसले आणि गप्प बसले. आणि वर त्या दिवशी दवाखान्यात याला बोलले. अर्धा तास म्हणे. माझ्याकडं सहा महिने होते."

थोरल्यानं मूठ उघडली.

"एक माझी," तो म्हणाला. "उन्हाळ्यातली."

"भाऊजी, तुम्ही?"

"मी. पंचनामा." तो तिथंच चाकाला पाठ लावून बसला. "एका मुठीनं काही झालं नसतं. दोन मुठींनीही कदाचित नाही. थोडा कोंडा फुगून भोकाशी बसतो, बाकीचा फिरत राहतो. पण मूठ मूठ करत..." त्यानं बोलणं सोडलं आणि ट्रॅक्टरच्या पलीकडं पाहिलं. "तू टाकलास का रे?"

धाकट्यानं होकाराची मान हलवली.

"किती?"

"महिन्याला एक. वर्षभर."

धाकट्याची बायको बादलीवरून उठली. तिचा आवाज चढला, पण राग नेमका कुणावर काढावा हे तिला उमगत नव्हतं. "म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं? मोरीपाशी वाफ निघाली तेव्हाच? आणि हे सगळे तुम्हाला पाणी बघितलं होतंस का, पट्टा बघितला होतास का म्हणून खोदून खोदून विचारत होते, तेव्हा तोंड शिवलं होतं तुमचं? एकोणीस दिवस? निदान मला तरी सांगायचं!"

"अण्णा म्हणाले होते, कुणाला सांगू नकोस. दादाला कळलं तर तो जावयाला भंगारात काढील."

"अहो, पण अण्णा गेले!"

"म्हणून तर." धाकटा बॉनेटवर हात ठेवून उभा होता. "दादाला त्यांनी शिकवलं. ताईला शिकवलं. मी शाळेत रमलो नाही, इथंच राहिलो. मला कधी काही वेगळं सांगितलं नाही त्यांनी. हे एवढंच सांगितलं होतं. मला वाटायचं, मला एकट्यालाच सांगितलंय."

थोरल्याला वाटलं, आपण पंपावरच ढकललं असतं तर बरं झालं असतं. बिचाऱ्यानं सगळ्यांचे बोल सोसून जी एक गोष्ट जिवापाड जपली, ती आपण दोघांनी दोन मिनिटांत त्याच्या हातून काढून घेतली होती.

आई केव्हा आली ते कुणाच्या लक्षात आलं नाही. ती पडवीतून सगळं ऐकत होती. शेडकडं यायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, त्या यंत्राचं तोंडही पाहायचं नव्हतं तिला. पण ताईचं रडणं ऐकल्यावर पाय आपोआप उचलले गेले.

एकोणीस दिवस तिच्या मनात एकच हिशेब उलटसुलट चालला होता. मोरीपाशी अर्धा तास थांबायला वेळ होता, आणि माझ्यासाठी दोन मिनिटं नव्हती. सेहेचाळीस वर्षांचा संसार, आणि शेवटी मी पिशवी घेऊन फाटकात उभी. हे ती मोठ्यानं बोलली असती तर बरं झालं असतं, पण बोलायची वेळ आली की ती चुलीकडं वळायची. आणि ते केवळ रागानं नव्हे.

"कोंड्याचा डबा मीच भरून ठेवत होते," आई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं.

"कोंबड्यांना पुरेना झाला तेव्हाच कळलं मला. चाळून ठेवला की चार दिवसांत खाली. यांच्या सदऱ्याच्या खिशात कोंडा, मुठीला कोंडा. मी विचारलं नाही. म्हटलं, चाललंय त्यांचं काहीतरी, चालू दे. आणि जास्तीचा चाळायला लागले." ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "तेव्हा कुणी कुणाला बोलायचं काम नाही. मी तर मुळीच नाही."

ती सुनेकडं वळली. "त्याला विचार..." म्हणाली आणि थांबली. मग तिनं धाकट्याकडं पाहिलं. त्याचे डोळे किती आत गेलेत, हे तिला आत्ता दिसलं. आपणच वाढलेल्या ताटातलं हा काही खात नव्हता की काय?

"तिथं काय झालं रे?" तिनं त्यालाच विचारलं. "मोरीपाशी. कुणी विचारलंच नाही तुला. त्या अर्ध्या तासात काय म्हणत होते?"

धाकट्यानं बॉनेटवरचा हात काढून घेतला.

"इंजिन बंद पडल्यावर मी बादली घेऊन ओढ्यावर पळालो. भरून आणली. झाकण काढायला लागलो तर अण्णा ट्रॉलीतून ओरडले, थांब. हात भाजेल. त्यांच्या गादीखालचं पोतं ओढून काढून दिलं मला. त्यानं झाकण धरून काढ म्हणाले. काढलं. पाणी ओतणार, तर परत म्हणाले, थांब. तापल्या इंजिनात गार पाणी ओतलंस तर ब्लॉक तडकेल. निवू दे."

"मग?"

"मी म्हटलं, अण्णा, तडकू दे. तर चिडले. म्हणाले, तडकला तर दोघंही इथंच बसू. माझं ऐक. मी ऐकलं, आई." त्याचा आवाज फाटला. "मी बादली हातात धरून उभा राहिलो. ते घड्याळ बघत होते. मध्येच म्हणाले, तुझी आई चिडली असेल. थांबायला हवं होतं रे तिच्यासाठी. मग जरा वेळानं म्हणाले, आता ओत. हळू. मी हळू ओतलं. सगळी बादली रिकामी होईपर्यंत मागं पाहिलं नाही. इंजिन एका झटक्यात चालू झालं. मी ओरडलो, अण्णा, झालं! तर ते..."

आईनं पदर तोंडाशी धरला. ताई उठून धाकट्यापाशी गेली आणि तिनं त्याचं डोकं खांद्यावर ओढून घेतलं, लहानपणी घ्यायची तसं. तो तिच्याहून वीतभर उंच होता, त्याला वाकावं लागलं.

थोरला खालीच बसला होता. दर वर्षी डेपोत नवी पोरं भरती होतात आणि दर वर्षी तो त्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवतो: रस्त्यात इंजिन उकळलं, तर होता होईल तो बंद करू नका. बंद पडलंच, तर पाच मिनिटं दम धरा, चालू करून मंद ठेवा आणि धार धरून थोडं थोडं पाणी सोडत राहा. दहा मिनिटांत गाडी हलते. ब्लॉक तडकत नाही. अर्धा तास थांबायची गरज नसते. हे धाकट्याला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवायचं ते थोरल्यानं, आणि तो सुट्टीवर आला की खाटेवर आडवा पडायचा. अण्णांचं ज्ञान जुनं होतं, चाळीस वर्षांपूर्वीचं.

"तू सांग," आई त्याच्याकडं वळली. "तुला त्यातलं कळतं. थांबायलाच हवं होतं ना?"

धाकट्यानंही ताईच्या खांद्यावरून मान वळवली. त्याची बायको श्वास रोखून पाहत होती. तिनंच बोलावलं होतं थोरल्याला, सगळ्यांच्या देखत काय ते एकदा सांगून टाका म्हणून.

"हो," थोरला म्हणाला.

"नक्की?"

"नक्की, आई. लगेच ओतलं असतं तर इंजिन तिथंच फुटलं असतं. अण्णांनी सांगितलं ते बरोबर होतं. यानं केलं ते बरोबर होतं. दुसरा कुणीही असता, मी असतो, तरी तेवढंच थांबावं लागलं असतं."

आईनं डोळे मिटले. तिचे खांदे खाली आले. मग ती धाकट्यापाशी गेली आणि त्याच्या वाढलेल्या दाढीवरून तिनं तळहात फिरवला.

धाकटा मात्र थोरल्याकडंच बघत होता. तोही वीस वर्षं ट्रॅक्टर चालवत होता. वाटेत कधीतरी एखाद्या ड्रायव्हरनं त्याला हे सांगितलं असेल, किंवा या एकोणीस दिवसांत त्यानं कुणाला विचारलंही असेल. त्याला खरं ठाऊक होतं की नाही, ते थोरल्याला त्याच्या चेहऱ्यावरून कळेना, आणि यापुढं ते विचारायची सोय उरली नव्हती.

"दादा," धाकटा शेवटी म्हणाला, "रेडिएटर उतरवायचा का?"

"उतरवू," थोरला म्हणाला. "तू त्या बाजूचे नट घे."